विश्लेषण : तोंडातली जखम आठवड्यात भरते, मग गुडघ्याची खपली महिनाभर का रेंगाळते?

घाईघाईत वडापाव खाताना गालाचा आतला भाग दाताखाली येतो. डोळ्यांत पाणी, तोंडात रक्ताची चव आणि पुढचे दोन दिवस तिखट बंद. पण आठवडा उलटला की नेमके कुठे चावले होते, हे जिभेने शोधूनही सापडत नाही. त्याच दिवशी विळीवर कापलेल्या बोटावर मात्र अजून खपली असते. लहानपणी सायकलवरून पडून फुटलेल्या गुडघ्याचा वण तर पुढे अर्जातल्या 'शरीरावरील ओळखीची खूण' या रकान्यात लिहायला कामी येतो. त्या रकान्यात 'गालाच्या आतला वण' असे कोणी लिहिल्याचे ऐकिवात नाही.

खरे तर तोंडाइतकी वाईट जागा जखमेसाठी दुसरी नसावी. तिथे पट्टी बांधता येत नाही. दिवसभर बोलणे, चावणे, गिळणे सुरू असते. गरम चहा, लोणचे, कुरकुरीत चकली असे सगळे त्या जखमेवरूनच जाते. शिवाय माणसाच्या तोंडात जिवाणूंच्या ७०० हून अधिक प्रजाती आढळल्या आहेत. तरीही इथली जखम लवकर भरते आणि बहुतेक वेळा मागे खूणही ठेवत नाही.

हे कसे घडते, याचा शोध गेली काही दशके सुरू आहे. त्यामागे केवळ कुतूहल नाही. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या घरात असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. पायाची जखम महिनोन्महिने न भरणे हे या आजाराचे सर्वांत भीतिदायक रूप. गालाच्या पेशींना जे जमते ते पायाच्या पेशींना शिकवता आले तर, हा यामागचा प्रश्न आहे. महाराष्ट्रासाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे, ती सुपारीची. तिच्याकडे पुढे येऊ.

फरक नेमका किती?

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात १९९० च्या दशकात दोन प्रयोग झाले. मानसिक ताणाचा जखम भरण्यावर काय परिणाम होतो, हे मानसशास्त्रज्ञ जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाहायचे होते. पण या दोन प्रयोगांचे आकडे शेजारी ठेवले की तोंड आणि त्वचा यांच्यातला फरकही दिसतो.

पहिला प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या १३ महिला आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ महिला त्यात सहभागी झाल्या. प्रत्येकीच्या हाताच्या त्वचेचा साडेतीन मिलिमीटर व्यासाचा एक तुकडा काढण्यात आला. तपासणीसाठी डॉक्टर घेतात तशीच ही जखम. ताण नसलेल्या महिलांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. शुश्रूषा करणाऱ्यांना जवळपास ४९ दिवस लागले.

दुसरा प्रयोग १९९८ चा. त्यात दंतवैद्यकाचे ११ विद्यार्थी होते. त्यांच्या टाळूवर तशीच साडेतीन मिलिमीटरची जखम दोनदा करण्यात आली. एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. सुट्टीतली जखम साधारण आठ दिवसांत भरली, परीक्षेच्या काळातली ११ दिवसांत. परीक्षेच्या वेळी सुट्टीइतक्या लवकर बरा झालेला विद्यार्थी एकही नव्हता. रात्र रात्र जागून 'सबमिशन' पूर्ण करणाऱ्या कोणालाही हा निकाल पटायला जड जाऊ नये.

म्हणजे हातावर ३९ दिवस आणि टाळूवर आठ. अर्थात ही तुलना सरळ नाही. पहिल्या प्रयोगातल्या महिला वयस्कर होत्या, दुसऱ्यातले विद्यार्थी तरुण. दोन्ही ठिकाणच्या जखमेची खोलीही सारखी नव्हती. खात्रीने काही सांगायचे तर एकाच माणसाच्या तोंडावर आणि त्वचेवर एकाच वेळी जखम करून पाहायला हवी. तसे झालेही, पण त्यासाठी २०१८ उजाडावे लागले.

जखम भरते म्हणजे काय होते?

त्वचा कापली की पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठते. मग पांढऱ्या पेशी येतात. आधी न्यूट्रोफिल, मागोमाग मॅक्रोफेज. जंतूंना मारणे आणि मेलेल्या पेशींचा राडारोडा उचलणे हे त्यांचे काम. जखमेभोवतीची लाली, सूज, ठणका हा त्यांच्याच कामाचा परिणाम. त्यानंतर जखमेच्या कडेच्या पेशी आतल्या बाजूला सरकत उघडी जागा झाकतात. खालच्या थरात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजनचे धागे टाकून खड्डा भरून काढतात. शेवटी या भरावाची फेरमांडणी होते आणि ती कित्येक महिने चालते.

इथे शरीर दर्जापेक्षा वेगाला महत्त्व देते. पावसाळ्याच्या तोंडावर पालिका खड्डा बुजवते तसे. रस्ता सुरू होतो, पण ठिगळ दिसत राहते. मूळ त्वचेत कोलॅजनचे धागे टोपलीच्या विणीसारखे एकमेकांत गुंफलेले असतात, वणात ते एकाच दिशेने दाटीवाटीने पडतात. त्या जागी केस येत नाहीत, घामाच्या ग्रंथी येत नाहीत. भरलेल्या जागेची ताकदही मूळ त्वचेच्या फार तर ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते.

तोंडातही टप्पे हेच आहेत, क्रमही हाच. फरक आहे तो प्रत्येक टप्प्याला लागणाऱ्या वेळात आणि त्यात होणाऱ्या गोंधळात. शिकागोतील इलिनॉय विद्यापीठाच्या लुईसा डीपिएट्रो यांच्यासह संशोधकांनी उंदरांच्या जिभेवरची आणि पाठीवरची जखम शेजारी ठेवून पाहिली. त्यांचा २००३ मधील निष्कर्ष असा, की तोंडातल्या जखमेत पांढऱ्या पेशी कमी येतात, जळजळ वाढवणारी रसायनेही कमी स्रवतात. पुढच्या कामात आणखी एक अनपेक्षित गोष्ट आढळली. जखम भरताना नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यांचे प्रमाणही तोंडात कमी होते. 'तोंडाला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून जखम लवकर भरते' हे सोपे उत्तर त्यामुळे अपुरे ठरते. मुळातला रक्तपुरवठा भरपूर असतोच, पण जखम झाल्यावर तोंड त्वचेसारखी धावपळ करत नाही.

मग ही लाळेची करामत का?

बोट कापले की आपण ते आधी तोंडात घालतो. कोणी शिकवलेले नसते. कुत्री-मांजरे जखम चाटतात. त्यामुळे पहिला संशय लाळेवर जाणे स्वाभाविक होते आणि तो अगदीच चुकीचा नाही.

ॲमस्टरडॅममधील मेनो औडहॉफ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काचेच्या ताटलीत मानवी पेशींचा थर वाढवला, त्यावर ओरखडा काढला आणि काहींवर लाळ, तर काहींवर साधे क्षारयुक्त द्रव टाकले. १६ तासांनी लाळेतला ओरखडा जवळजवळ बुजला होता, दुसरा बराचसा उघडाच होता. लाळेतले एकेक घटक वेगळे करून तपासल्यावर हिस्टॅटिन नावाची छोटी प्रथिने हाती लागली. तोवर ती बुरशी आणि जिवाणूंना रोखणारी म्हणूनच माहीत होती. पेशींना सरकायला तीच भाग पाडतात हे नवे होते. याशिवाय रक्त गोठायला मदत करणारे सूक्ष्म कण आणि जखमेतल्या ऊतींची झीज रोखणारे एक प्रथिनही लाळेत आहे.

लाळेचे आणखी एक काम अगदी साधे आहे, ते म्हणजे जखम ओली ठेवणे. ब्रिटनमधील जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवर दाखवले, की उघडी ठेवून खपली धरू दिलेल्या जखमेपेक्षा ओलसर ठेवलेली जखम जवळपास दुप्पट वेगाने झाकली जाते. खपलीखाली पेशींना कोरड्या थराच्या बऱ्याच खालून वाट काढावी लागते, ओलाव्यात त्या सरळ पुढे सरकतात. 'जखमेला हवा लागू दे, सुकू दे' हा घरोघरी दिला जाणारा सल्ला या प्रयोगानंतर ६० वर्षांनीही टिकून आहे. आधुनिक ड्रेसिंगचा सगळा उद्योग मात्र नेमका उलट तत्त्वावर उभा आहे.

पण म्हणून खरचटलेल्या जागी थुंकी लावू नये. हिस्टॅटिनबरोबर शेकडो प्रकारचे जिवाणूही तिथे पोहोचतात. तोंडात ते रोजचे रहिवासी आहेत, त्वचेखाली ते घुसखोर ठरतात. माणसाने माणसाला चावल्याची जखम डॉक्टर इतक्या गांभीर्याने का घेतात, याचे हेच कारण.

लाळ हे पूर्ण उत्तर नाही, याचा पुरावा कर्करोगाच्या शस्त्रक्रियांमध्ये सापडतो. गालाचा कर्करोग काढल्यावर मोठा भाग रिकामा होतो. तो भरण्यासाठी छातीची किंवा हाताची त्वचा रक्तवाहिन्यांसह उचलून गालाच्या आत बसवली जाते. ही त्वचा पुढची कित्येक वर्षे लाळेत भिजत असते. तरी ती त्वचाच राहते. इतकी, की काही रुग्णांच्या तोंडात तिच्यावर केस उगवतात आणि ते कापावे लागतात. भोवतालचे वातावरण बदलले, पण पेशी आपला स्वभाव विसरल्या नाहीत.

पेशींचा स्वभाव म्हणजे नेमके काय?

इथे २०१८ चा तो प्रयोग येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मारिया मोरासो, रामिरो इग्लेसियास-बार्टोलोमे आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातील सिल्व्हिओ गुटकिंड यांच्या गटाने ३० निरोगी स्वयंसेवकांच्या गालाच्या आत आणि दंडाच्या आतल्या बाजूला एकाच वेळी छोट्या जखमा केल्या. पुढच्या काही दिवसांत त्या जागेचे नमुने घेऊन कोणती जनुके चालू आहेत आणि कोणती बंद, हे तपासले. माणूस तोच, वय तेच, आहार आणि ताणही तोच. फरक फक्त जागेचा.

तोंडातल्या जखमा लवकर झाकल्या गेल्या, ते अपेक्षितच होते. लक्षवेधी गोष्ट जखम होण्यापूर्वीच्या नमुन्यांत होती. त्वचेच्या पेशींना जखम झाल्यावर जी जनुके चालू करावी लागतात, त्यांतली बरीचशी तोंडाच्या पेशींत जखम नसतानाही चालूच होती. तोंडाचे अस्तर जणू गणवेश घालून, बूट बांधूनच बसलेले असते. त्वचेला मात्र वर्दी आली की झोपेतून उठून तयारी करावी लागते. जळजळीशी संबंधित जनुकांचा आवाज त्वचेत बराच काळ चढा राहिला, तोंडात तो लवकर खाली आला.

या सज्जतेमागे दोन प्रथिने ठळकपणे दिसली. त्यांची नावे सॉक्स-२ आणि पिट्क्स-१. दोन्ही इतर जनुकांची बटणे दाबणारी. सॉक्स-२ ची ओळख विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना असेल. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये प्रौढ पेशीला पुन्हा मूळपेशी बनवण्यासाठी जी चार प्रथिने वापरली, त्यांतले हे एक. त्या कामाला २०१२ चे नोबेल मिळाले. पिट्क्स-१ चे काम आणखी वेगळे. गर्भात पाय हा हातासारखा न होता पायासारखा व्हावा, यात त्याचा वाटा असतो. संशोधकांनी उंदरांच्या त्वचेत सॉक्स-२ चालू करून पाहिले, तेव्हा त्या त्वचेवरच्या जखमा नेहमीपेक्षा बऱ्याच लवकर भरल्या.

मग सॉक्स-२ चे मलम का नाही? कारण हेच जनुक अन्ननलिका आणि फुप्फुसाच्या काही कर्करोगांत प्रमाणाबाहेर वाढलेले आढळते. पेशींना 'वाढा आणि पुढे सरका' असा आदेश देणारी यंत्रणा जखमेसाठी वरदान असते, आणि थांबायचे कधी हे विसरली तर गाठ होते. वेगाची ही किंमत दुसरीकडेही दिसते. गालाच्या अस्तराच्या पेशी साधारण दोन आठवड्यांत बदलतात, त्वचेच्या पेशींना त्याहून बराच जास्त काळ लागतो. केमोथेरपी वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींवर घाव घालते. म्हणूनच कर्करोगाच्या रुग्णांचे तोंड सोलवटते आणि पाणी पिणेही नकोसे होते.

जळजळ कमी म्हणजे जखम चांगली, असाही निष्कर्ष घाईने काढता येत नाही. मोरासो यांच्याच गटाने २०२० मध्ये मधुमेहींच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमा तोंडाच्या आणि निरोगी त्वचेच्या जखमांशी ताडून पाहिल्या. त्यांत पांढऱ्या पेशी पुरेशा संख्येने पोहोचतच नव्हत्या, असे आढळले. म्हणजे पथक यायला हवे, काम उरकायला हवे आणि वेळेवर परतायलाही हवे. तोंडात हे तिन्ही जमते. साध्या त्वचेत ते रेंगाळते. मधुमेही पायात ते नीट येतच नाही.

वण का राहत नाही?

वरचा थर किती वेगाने झाकला जातो हा एक प्रश्न, खाली वण राहतो की नाही हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर फायब्रोब्लास्टच्या कुळात आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मायकेल लाँगेकर यांच्या गटाने २०१५ मध्ये उंदरांत दाखवले, की पाठीवरचे वण मुख्यतः एकाच वंशाचे फायब्रोब्लास्ट तयार करतात. गर्भावस्थेत एन्ग्रेल्ड-१ हे जनुक चालू झालेल्या पेशींची ती पिल्ले. तोंडातले फायब्रोब्लास्ट वेगळ्या घराण्याचे आहेत. ते गर्भाच्या मज्जातंतूंच्या कडेने निघणाऱ्या पेशींपासून येतात. या दोघांची अदलाबदल करून पाहण्यात आली. तोंडातल्या पेशी पाठीवर नेल्या तरी त्यांनी वण केला नाही. पाठीच्या पेशी तोंडात आणल्या, तर त्यांनी तिथेही तंतूंचा ढीग घातला.

याच गटाने २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली. त्वचेवरचा ताण, म्हणजे शब्दशः ओढ, हीच पेशींना एन्ग्रेल्ड-१ चालू करायला लावते. डोळ्यांच्या आजारात वापरले जाणारे व्हर्टेपोर्फिन हे औषध देऊन ती साखळी तोडली, तेव्हा उंदरांच्या जखमा केस आणि ग्रंथींसह भरून आल्या. छाती आणि खांदा अशा ताणल्या जाणाऱ्या जागी वण जाड का होतात, याच्याशी हे जुळते. अर्थात सगळे ओढीवर ढकलता येत नाही. कान टोचल्यावर पाळीला येणारी गाठ, म्हणजे केलॉइड, अनेकांनी पाहिली असेल. पाळीला तर फारशी ओढ नसते. तोंडाच्या आत मात्र केलॉइड अतिशय दुर्मीळ आहे. तोंडातल्या फायब्रोब्लास्टला वण करण्यापासून रोखणारा गॅस-६ नावाचा संदेश २०२५ मध्ये याच दिशेच्या संशोधनातून समोर आला, तोही उंदरांमध्ये. माणसाच्या जखमेवर लावायचे औषध यातून तयार होण्यास अजून अवकाश आहे.

शल्यविशारद मात्र औषधाची वाट पाहत थांबलेले नाहीत. मूत्रमार्ग आक्रसलेल्या रुग्णांवर गालाच्या आतले अस्तर काढून ते मूत्रमार्गाला लावण्याची शस्त्रक्रिया आज जगभर होते. हे अस्तर ओलाव्याला सरावलेले, बिनकेसांचे आणि नव्या जागी लवकर रुजणारे. आणि जिथून ते काढले तो गालही लवकर भरून येतो. या शाखेत पुण्याचे नाव मोठे आहे. पुण्यातील डॉ. संजय कुलकर्णी यांनी विकसित केलेली पद्धत जगभरच्या तज्ज्ञांत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जपानमध्ये २००४ साली चार रुग्णांच्या निकामी झालेल्या बुब्बुळाच्या पृष्ठभागावर त्यांच्याच तोंडातल्या पेशी वाढवून बसवण्यात आल्या होत्या.

वण न करणाऱ्या तोंडालाही वण होतो तेव्हा

इतके कसबी अस्तर बिघडवायचे तर चिकाटीच हवी. ती चिकाटी सुपारी दाखवते.

सुपारी, गुटखा, मावा किंवा विदर्भातला खर्रा गालात धरून ठेवणाऱ्यांच्या तोंडात हळूहळू एक बदल होतो. आधी तिखट झोंबू लागते. मग गालाचे आतले गुलाबी अस्तर फिकट, पांढुरके दिसू लागते. बोट फिरवले तर आत दोऱ्या ताणल्यासारखे पट्टे लागतात. शेवटी तोंड उघडेनासे होते. पाणीपुरी तर सोडाच, चमचाही आत जाणे कठीण होते. या आजाराला 'ओरल सबम्युकस फायब्रोसिस' म्हणतात. केनियात राहणाऱ्या पाच भारतीय महिलांमध्ये तो १९५२ मध्ये नोंदवला गेला आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचे वर्णन करून सबम्युकस फायब्रोसिस हे नाव वापरले. आजही जगातील या आजाराचे मोठे ओझे दक्षिण आशियावरच आहे.

इथे घडते ते वर सांगितलेल्या सगळ्याच्या उलट. सुपारीतील ॲरेकोलिन हे रसायन फायब्रोब्लास्टना कोलॅजन बनवायला चिथावते. सुपारीत तांब्याचे प्रमाणही बरेच असते. कोलॅजनचे धागे एकमेकांना जखडणारे एक विकर तांब्यावर चालते, ते जोरात काम करू लागते. सुपारीतले टॅनिन हे धागे तुटू देत नाही. म्हणजे भराव वाढतो आणि जुना भराव काढायची यंत्रणाही बंद पडते. त्यावर रोज, दिवसातून दहा वेळा, तोच घाव आणि तीच जळजळ. एखाद्या जखमेसाठी अवघ्या आठवड्याची मुदत पुरणाऱ्या या अस्तराला इथे बरे होण्याची उसंतच मिळत नाही.

यात तंबाखू असलाच पाहिजे असे नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. 'मी फक्त साधी सुपारी खातो' हे वाक्य दंतवैद्यांच्या खुर्चीत नेहमी ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये निव्वळ सुपारीलाच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा झाला. त्यातील ७.६ टक्के रुग्णांना पुढे तोंडाचा कर्करोग झाल्याचे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नोंदले आहे.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. बंदीचे पुढे काय झाले, हे कोणत्याही एसटी स्थानकाबाहेरच्या टपरीवर पाच मिनिटे उभे राहिले तरी कळते.

या आजारावर व्यायाम, इंजेक्शने, शस्त्रक्रिया असे उपाय आहेत. तोंड थोडेफार उघडू लागते. पण एकदा जखडलेले अस्तर पूर्वीसारखे होत नाही. सुपारी लवकर सुटली तर आजार तिथेच थांबण्याची शक्यता असते, म्हणून तो लवकर ओळखणे महत्त्वाचे. घरच्या घरी करता येण्यासारखी एक चाचणी डॉक्टर सांगतात. आपल्याच हाताची मधली तीन बोटे एकावर एक धरून उभी तोंडात घालून पाहायची. निरोगी प्रौढाला ती सहसा जातात. दोनच जात असतील तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

दोन आठवड्यांचे घड्याळ

तोंडातली जखम लवकर भरते, याचा रोजच्या आयुष्यातला सर्वांत मोठा उपयोग कदाचित हाच, की न भरणारी जखम उठून दिसते. तोंड येते तेव्हाचे साधे छाले सात ते १४ दिवसांत जातात. चावल्याची किंवा गरम चहाने भाजल्याची जखम त्याच्याही आधी. दाताची टोकदार कड किंवा न बसणारी कवळी एकाच जागी घासत असेल तर जखम टिकते, पण कड घासून घेतली की तीही भरते.

म्हणून दोन आठवडे उलटूनही तोंडात एखादी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा टणक गाठ तशीच असेल, तर 'बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेऊन बघू' असे म्हणत थांबू नये. दुखत नाही म्हणून निर्धास्त होणे तर अधिक धोक्याचे, कारण तोंडाचा कर्करोग सुरुवातीला अनेकदा दुखत नाही. डॉक्टर बॅटरी घेऊन पाहतात, बोटाने चाचपतात आणि गरज वाटली तर छोटासा तुकडा तपासणीला पाठवतात. तो तुकडा काढल्याची जखम आठवडाभरात भरते.